परदेशी शेजाऱ्यानें पाहिलेलें कैरो

विद्यार्थिमित्रहो, वर्गांत एखादा नवा मुलगा परगांवाहून येऊन बसला म्हणजे पहिल्या तासालाच त्याच्याविषयीं आपण आपलें मत ठरवून टाकतों. त्याची टोपी निराळी, बोलण्याची ढब निराळी, डब्यांतील पदार्थ निराळा. एवढ्यावरून तो गर्विष्ठ आहे किंवा बावळट आहे असा निकाल आपण देऊन बसतों. पुढें वर्षभर एकाच बांकावर बसल्यावर तोच मुलगा आपला जिवलग मित्र होतो, आणि पहिल्या दिवशींचा निकाल आठवून आपलें आपणांसच हसूं येतें. जें मुलांचें तेंच मोठ्या माणसांचें, आणि जें माणसांचें तेंच राष्ट्रांचें व धर्मांचें. दुसऱ्यांच्या चालीरीतींविषयीं आपण जें बोलतों त्यांतील फार थोडें आपण स्वतः पाहिलेलें असतें, आणि पाहिलेल्यांतीलहि फार थोडें आपणांस समजलेलें असतें.

आजच्या पाठांत आम्ही एका इंग्रज गृहस्थाची ओळख करून देणार आहों. परक्या देशांतील मुसलमान समाजाचें रोजचें जीवन जवळून पाहण्यांत त्यानें आपल्या आयुष्याचीं सुमारें अकरा वर्षें घालविलीं. त्यानें काय पाहिलें, कसें पाहिलें, कोठें तो चुकला, आणि कोणती गोष्ट त्यास दिसूंच शकली नाहीं, हें आपण क्रमानें पाहूं.

लेन याची पूर्वतयारी

या गृहस्थाचें नांव एडवर्ड विल्यम लेन. त्याचा जन्म इंग्लंडांतील हेरफर्ड येथें १८०१ सालच्या सप्टेंबर महिन्यांत झाला. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. ते एडवर्डच्या लहानपणींच वारले. थोरला भाऊ लंडनांत चित्रें कोरण्याचा धंदा करीत असे. त्याच्याजवळ राहून एडवर्ड तें काम शिकला. परंतु त्याची प्रकृति नाजूक होती, आणि मन तर मिसर देशाकडे ओढ घेत होतें. फावल्या वेळांत तो अरबी भाषा शिकला, आणि १८२५ सालीं, वयाच्या चोविसाव्या वर्षीं, अलेक्झांड्रिया बंदरांत उतरून कैरो शहरीं जाऊन राहिला. १८२५ ते १८२८, १८३३ ते १८३५, आणि १८४२ ते १८४९, अशा तीन खेपांत मिळून त्याचें तेथें वास्तव्य झालें. त्या काळीं मिसर देशावर महंमद अली पाशाचा अंमल होता.

कैरो पाहणारा लेन हा कांहीं एकटाच युरोपियन नव्हता. १८३० सालीं ‘ह्यू लिंडसे’ नांवाची आगबोट मुंबईहून निघून सुमारें एका महिन्यांत सुवेझला पोंचली. सुवेझचा कालवा तेव्हां झालेला नव्हता. तो १८६९ सालीं खुला झाला. त्यामुळें इंग्लंड आणि मुंबई यांमध्यें जा-ये करणारे उतारू मधल्या टप्प्यांत कैरो शहरावरून जाऊं लागले. चार दिवस मुक्काम करावा, गाढवावर बसून बाजार व पिरॅमिड पाहावे, दुभाष्याच्या तोंडून चार गोष्टी ऐकाव्या आणि घरीं गेल्यावर प्रवासवर्णन लिहावें, असा पुष्कळांचा क्रम असे. लेन यानें तो मार्ग धरला नाहीं. त्यानें मुसलमान वस्तींत घर भाड्यानें घेतलें, तेथील पोषाख अंगावर चढविला, ‘मन्सूर’ हें नांव धारण केलें, आणि दुभाष्यावांचून बोलतां येईल इतकी भाषा आत्मसात् केली. शेजाऱ्यांस जें अन्न निषिद्ध तें तो खात नसे, मद्य पीत नसे. इतकेंच नव्हे तर जेवतांना सुरीकांटा वापरणेंहि त्यानें सोडलें, कारण तें त्यांस आवडत नसे. जेथें आपल्या मनास पटेल तेथें तो त्यांच्या मतास रुकार देई, आणि जेथें पटत नसे तेथें बहुधा मौन धरी. स्वतःचा ख्रिस्ती धर्म मात्र त्यानें सोडला नाहीं. शेख अहमद नांवाचा एक पुस्तकविक्या त्याच्याकडे नेहमीं येई. त्याच्यापासून लेन यास पुष्कळ माहिती मिळाली. या सर्व निरीक्षणाचें फळ म्हणजे ‘आधुनिक मिसरवासीयांचे रीतिरिवाज’ या विषयावरील त्याचा दोन भागांचा ग्रंथ. तो १८३६ सालीं लंडन येथें प्रसिद्ध झाला.

घर

लेन यानें घरांचेंहि वर्णन केलें आहे. कैरोंतील जुन्या घराच्या दारांतून आंत शिरलें कीं वाट एकदोनदां वळते आणि मग चौक लागतो. वाट अशी वांकडी कां? तर रस्त्यावरून जाणाऱ्याची नजर सरळ घरांत जाऊं नये म्हणून. वरच्या मजल्यावरच्या खिडक्या रस्त्यावर पुढें आलेल्या, आणि नाजूक लांकडी जाळीनें झांकलेल्या असत. आंतील स्त्रियांस बाहेरचें सर्व दिसावें, बाहेरच्यांस आंतलें कांहीं दिसूं नये, ऊन अडावें पण वारा यावा, अशी तिची योजना असे. या खिडकीस ‘मश्रबिया’ म्हणतात. पाणी गार व्हावें म्हणून सच्छिद्र मातीचीं भांडीं तेथें वाऱ्यावर ठेवीत, त्यावरून हें नांव पडलें. ‘पिणें’ या अर्थाच्या ज्या अरबी धातूपासून तें आलें आहे, त्याच धातूपासून आपला ‘सरबत’ हा शब्दहि आला आहे.

चार दिवसांच्या पाहुण्यानें ही जाळी पाहिली असती तर तो एवढेंच म्हणाला असता कीं, हे लोक आपल्या बायकांस कोंडून ठेवतात. लेन यानें ऊन, वारा, पाणी आणि पडदा हीं चारहि कारणें पाहिलीं. वस्तु एकच असते. परंतु तिच्या मागचीं कारणें मोजण्यास घरांत राहावें लागतें.

पाहुण्यांच्या दालनांत जमिनीचा एक भाग खालीं व दुसरा किंचित् उंच असे. उंच भागावर गालिचा व बैठक असल्यामुळें तेथें पाय ठेवण्यापूर्वीं जोडे खालच्या भागांत काढून ठेवीत. वाहणा दाराशीं काढून आंत येणाऱ्या आपल्या लोकांस हें समजावून सांगण्याची जरुरी नाहीं. बूट घालून गालिच्यावर चालणाऱ्यांस मात्र हें शिकावें लागलें.

बाजार व भोजन

कैरोंतील दुकानास अरबी भाषेंत ‘दुक्कान’ म्हणतात. आपला शब्द तोच. दुकान म्हणजे तीनचार फूट रुंदीचा एक कोनाडा, आणि त्याच्यापुढें दगडविटांचा ओटा. गिऱ्हाईक त्या ओट्यावर दुकानदाराजवळ बसे. सौदा मोठा असला तर हुक्का किंवा चिलीम पुढें येई, कॉफी येई, आणि घासाघीस सावकाश चाले. नमाजाची वेळ झाली म्हणजे दुकानदार दुकानापुढें एक जाळें टांगी, किंवा शेजाऱ्यास लक्ष ठेवण्यास सांगे, आणि मशिदींत निघून जाई. एवढ्या मोठ्या राजधानींत माल जाळ्याच्या भरंवशावर राही, ही गोष्ट लेन यास नोंद करण्यासारखी वाटली.

शहरांत एक हजारांहून अधिक कॉफीखाने होते. कॉफी बिनदुधाची, बहुधा बिनसाखरेची, आणि लहानशा पेल्यांतून दिलेली असे. सायंकाळीं तेथें कथेकरी येत. अबू झैदची वीरकथा सांगणारे पन्नासाच्या आसपास लोक एकट्या कैरो शहरांत असल्याचें लेन लिहितो. ते पुस्तक हातीं न घेतां, एका तंतूच्या वाद्यावर सूर धरून, कथा म्हणत. आपल्याकडील गोंधळी व शाहीर ज्यांनीं ऐकले आहेत त्यांस या देखाव्याची सहज कल्पना येईल.

भोजनाच्या वेळीं एका ठेंगण्या चौरंगावर मोठें वाटोळें तबक ठेवीत आणि सर्वजण भोंवतीं बसत. या चौरंगास ‘कुर्सी’ म्हणत. आपली खुर्ची याच शब्दाची बहीण. आधीं नोकर तस्त व झारी घेऊन प्रत्येकाच्या हातावर पाणी घाली. मग ‘बिस्मिल्ला’ म्हणून उजव्या हाताचा आंगठा व दोन बोटें यांनीं जेवावयाचें, आणि शेवटीं ईश्वराची स्तुति करून उठावयाचें. यजमान उत्तमांतला घास निवडून पाहुण्याच्या पुढें करी. हातानें जेवणें ही ओंगळ चाल आहे असें त्या काळचे युरोपियन लोक सर्रास म्हणत. परंतु प्रत्यक्ष पंक्तीस बसलेल्या लेन यानें लिहिलें कीं, ज्यांनीं ही रीत पाहिलेली नाहीं त्यांस वाटतें त्याहून ती पुष्कळच नीटनेटकी आहे.

अन्नाविषयींची आणखी एक लहानशी गोष्ट त्यानें रस्त्यांत एकाहून अधिक वेळां पाहिली. भाकरीचा तुकडा वाटेंत पडलेला दिसला तर एखादा साधा मनुष्य खालीं वांकून तो उचली, ओंठांस व कपाळास तीन वेळां लावी, आणि कोणाच्या पायाखालीं येऊं नये व निदान कुत्र्याच्या तरी तोंडीं पडावा म्हणून बाजूस ठेवी. आपल्या घरींहि अन्नास पाय लागूं देत नाहींत. अशा एका कृतींत त्या समाजाचें जें मन दिसतें, तें शंभर इमारती पाहून दिसणार नाहीं.

शाळा

तुम्हां विद्यार्थ्यांस तेथील शाळेविषयीं ऐकण्याची उत्सुकता असेल. शहरांत दानशूर लोकांनीं पाणपोया बांधल्या होत्या, आणि पुष्कळ पाणपोयांच्या वरच्या मजल्यावर मुलांची शाळा भरे. खालीं तहानलेल्यास पाणी आणि वर मुलांस विद्या. मुलें पांढऱ्या रंगाच्या लांकडी पाटीवर लिहीत. धडा पाठ झाला कीं पाटी धुऊन पुढचा धडा घालीत. सर्व मुलें एकदमच, आपापला धडा मोठ्यानें म्हणत, आणि म्हणतांना शरीर मागेंपुढें डोलवीत. शिक्षकास दर मुलामागें आठवड्यास अर्धा पियास्तर किंवा थोडेंफार कमीजास्त मिळे. मुख्य अभ्यास कुराणाच्या पाठांतराचा असे, आणि मुलींस लिहिणें-वाचणें शिकविण्याची चाल फारच विरळ होती.

एका शिक्षकाची गोष्ट लेन यानें दिली आहे. या गृहस्थास लिहितां-वाचतां मुळींच येत नसे. परंतु कुराण मुखोद्गत असल्यामुळें मुलांचे पाठ तो घेऊं शके, आणि लिहिण्याचें काम, डोळे अधू असल्याची सबब सांगून, वर्गांतील हुशार मुलाकडून करवी. एके दिवशीं एका गरीब बाईनें यात्रेस गेलेल्या आपल्या मुलाचें पत्र त्याच्यापुढें वाचण्यास ठेविलें. शिक्षक पत्र पाहून गप्प बसला. त्या मौनावरून बाईनें वाईट तर्क केला, आणि आपण हंबरडा फोडावा काय, कपडे फाडावे काय, असें एकामागून एक विचारलें. गुरुजींनीं प्रत्येक वेळीं होकार दिला. बाईनें घरीं जाऊन शोक मांडला. कांहीं दिवसांनीं मुलगा सुखरूप परत आला! जाब विचारला तेव्हां गुरुजी म्हणाले कीं, भविष्य ईश्वरास ठाऊक. तो येईल अशी आशा लावून निराश होण्यापेक्षां तो गेला असें समजणेंच बरें नव्हे काय? आणि मौज अशी कीं, लोकांनीं त्याच्या शहाणपणाची वाखाणणी केली. आपल्याकडेहि जुन्या पंतोजींच्या अशा कथा सांगतात. येथें ध्यानांत घेण्याजोगें हें कीं, ही गोष्ट आपण ऐकलेली आहे, पाहिलेली नाहीं, हें लेन प्रथमच सांगून टाकतो. पाहिलेलें आणि ऐकलेलें यांमध्यें त्यानें अशी रेघ ओढून ठेविली आहे.

शहरांतील उच्च विद्येचें पीठ म्हणजे अल्-अझहर ही मशीद. ती दहाव्या शतकांत स्थापन झाली. तेथें विद्यार्थ्यांकडून फी घेत नसत. निरनिराळ्या प्रांतांच्या व देशांच्या विद्यार्थ्यांसाठीं निरनिराळीं दालनें होतीं, आणि अंध विद्यार्थ्यांसाठीं स्वतंत्र जागा होती. अध्यापकांस पगार नसे. खाजगी शिकवण्या करून व ग्रंथांच्या नकला उतरून ते आपला निर्वाह करीत.

रमजान

मुसलमानांचे महिने चांद्र असल्यामुळें रमजान दर वर्षीं सुमारें अकरा दिवस मागें सरतो, आणि कांहीं वर्षांनीं भर उन्हाळ्यांत येतो. मिसर देशाच्या उन्हांत दिवसभर पाण्याचा थेंबहि न घेतां कष्ट करणें किती कठीण आहे, तें लेन यानें जवळून पाहिलें. दिवसा लोक उदास व चिडखोर दिसत, आणि सूर्यास्तानंतर रोजा सोडल्यावर तेच लोक नेहमींहून अधिक हंसतमुख व प्रेमळ होत, असें तो मोकळेपणानें लिहितो. दिवसाच बाजारांतून फिरून गेलेल्या प्रवाशानें हे लोक तिरसट आहेत असें लिहिलें असतें. अर्धें पाहणें म्हणजे किती खोटें पाहणें होऊं शकतें, याचा हा उत्तम दाखला आहे.

रमजानच्या रात्रीं ‘मुसह्हिर’ नांवाचा मनुष्य मोहल्ल्यांतून फिरे. त्याच्या हातांत लहानसा नगारा असे, आणि बरोबर दिवे घेतलेला एक मुलगा असे. घरोघर थांबून तो मालकाचें नांव घेऊन आशीर्वाद म्हणे. मध्यरात्रीनंतर सहरीच्या भोजनासाठीं लोकांस उठविणेंहि त्याचेंच काम. जाळीच्या आड बसलेल्या स्त्रिया त्यास पैसे कसे देत? एखादें नाणें कागदांत गुंडाळून कागदाचें टोंक पेटवीत आणि खिडकींतून खालीं टाकीत, म्हणजे तें अंधारांत कोठें पडलें तें त्यास दिसे. मग तो प्रार्थना म्हणून त्यांस एखादी लहानशी गोष्ट ऐकवी.

नीलेचा महापूर

मिसर देशांत पाऊस जवळजवळ नाहीं. तेथील शेती सर्वस्वीं नील नदीच्या पुरावर अवलंबून असे. जूनमध्यें नदी चढूं लागली म्हणजे शहरांत सर्वांचें लक्ष तिकडे लागे. जुलैच्या आरंभापासून ‘नीलेचा पुकाऱ्या’ रोज सकाळीं रस्त्यारस्त्यांतून पाणी किती चढलें तें गाऊन सांगे. त्याच्याबरोबरचा मुलगा ईश्वराच्या स्तुतीचे पालुपद म्हणे. त्याच्या आंकड्यांवर लोक फारसा विश्वास ठेवीत नसत, तरी त्याचें गाणें ऐकल्यावांचून कोणास चैन पडत नसे. ऑगस्टमध्यें शहरांतील कालव्याचा बांध फोडण्याचा मोठा समारंभ होई. पुरासाठीं सर्वच धर्मांच्या लोकांचे डोळे त्या एका नदीकडे लागलेले असत. कारण पाणी आलें नाहीं तर उपास सर्वांच्याच घरीं यावयाचा.

एक चूक आणि तिची दुरुस्ती

आतां लेन यानें खाल्लेली एक चकवणूक सांगतों. कैरो शहरांत एक प्रख्यात जादूगार होता. तो एखाद्या अजाण मुलाच्या तळहातावर चौकोन काढून त्यांत शाई ओती, धूप जाळी, आणि पाहणारा ज्याचें नांव घेईल तो मनुष्य त्या शाईंत मुलास दाखवी. लेन यानें इंग्रज आरमाराचा सेनापति नेल्सन याचें नांव घेतलें. मुलानें काळ्या युरोपियन पोषाखांतील मनुष्य वर्णिला, आणि त्याचा डावा हात नाहीं असें सांगितलें. मग निरखून पाहून म्हणाला कीं, हात आहे, तो छातीवर ठेविलेला आहे. नेल्सनचा उजवा हात युद्धांत गेलेला होता, आणि रिकामी बाही तो छातीपाशीं अडकवीत असे. आरशांतल्याप्रमाणें उजव्याचें डावें झालें असें मानलें तर वर्णन तंतोतंत जुळत होतें! लेन थक्क झाला, आणि या प्रकाराचा उलगडा आपणांस होत नाहीं असें त्यानें ग्रंथांत लिहिलें.

पुढें १८४२ नंतर त्याच जादूगाराचे प्रयोग त्यानें पुन्हां पाहिले, तेव्हां ते साफ फसले. मधल्या काळांत काय बदललें होतें? पूर्वीं दुभाष्याचें काम उस्मान नांवाचा एक मनुष्य करी. तो जन्मानें स्कॉच असून मुसलमान झालेला होता. नेल्सन कसा दिसे हें त्यास ठाऊक होतें, आणि आतां तो हयात नव्हता. त्याच्या प्रश्नांतूनच, जाणून असो वा नसो, मुलास उत्तरें सुचत असावीं, असा निष्कर्ष लेन यानें काढला आणि तो प्रसिद्धहि केला. चुकीची माहिती छापल्यावर ती स्वतःच दुरुस्त करणें हें पंडितासहि सोपें नसतें. लेन यानें तें केलें.

न उघडणारें दार

परंतु एक उणीव अशी होती कीं, ती कितीहि वर्षें राहून भरून निघाली नसती. मुसलमान घराचा अर्धा भाग, म्हणजे स्त्रियांचा जनाना, परपुरुषास बंद. लेन यानें स्त्रियांविषयीं जें लिहिलें तें बहुतेक पुरुषांच्या तोंडून ऐकलेलें. तिसऱ्या खेपेस, १८४२ सालीं, त्याची बहीण सोफिया लेन पूल आपल्या दोन मुलांस घेऊन त्याच्याबरोबर कैरो येथें आली. तिनें तेथील स्त्रियांचा पोषाख घेतला, आणि ती पाशाच्या घराण्यांतील स्त्रियांपासून इतरांपर्यंत अनेकांच्या जनान्यांत व स्त्रियांच्या हमामखान्यांत गेली. तिचीं पत्रें १८४४ ते १८४६ या काळांत पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. जनाना म्हणजे केवळ तुरुंग अशी जी कल्पना युरोपांत होती, तिच्या जागीं तिनें पाहुणचार, थट्टामस्करी, मुलांची हौस, सासुरवाशिणींची अदब असें भरलेलें घर दाखविलें. आणि ज्या घरचा यजमान निर्दय असेल तेथें पत्नीस व दासीस दाद मागण्यास जागा नव्हती, हेंहि तिनें लपविलें नाहीं. भावानें जाळी बाहेरून वर्णिली. बहिणीनें ती आंतून पाहिली.

पाहणारा स्वतःहि दिसतो

परदेशी मनुष्य दुसऱ्यांस पाहतो, तेव्हां दुसरेहि त्यास पाहत असतात. लेन यानें एके ठिकाणीं लिहिलें आहे कीं, पहिल्या वास्तव्यांत मुक्या जनावरांशीं येथील लोक दयेनें वागतांना दिसत. पुढें तसें दिसेना. याचें कारण युरोपियनांचें वर्तनच असावें, कारण जनावरांचा छळ जेथें युरोपियन राहतात किंवा वारंवार येतात अशाच ठिकाणीं आपल्या पाहण्यांत आला, असें तो सांगतो. स्वतःच्या लोकांविरुद्ध साक्ष देण्यास मोठी सचोटी लागते.

योगायोग पाहा: ज्या १८०१ सालीं लेन जन्मला त्याच सालीं मिसर देशांतील तहता गांवीं रिफाआ अल्-तहतावी यांचा जन्म झाला. हे अल्-अझहरचे शेख. १८२६ सालीं पाशानें विद्यार्थ्यांचें एक पथक पॅरिसला पाठविलें, त्यांच्याबरोबर हे इमाम म्हणून गेले, आणि १८३१ पर्यंत तेथें राहून फ्रेंच शिकले. त्यांचें पॅरिसविषयींचें अरबी पुस्तक १८३४ सालीं, म्हणजे लेनच्या ग्रंथाच्या दोन वर्षें आधीं, प्रसिद्ध झालें. फ्रेंच लोक उंच आसनावर बसतात, प्रत्येकजण वेगळ्या बशींतून सुरीकांट्यानें खातो, हें त्यांनीं तितक्याच कुतूहलानें लिहिलें, जितक्या कुतूहलानें लेन यानें कैरोंतील तबक वर्णिलें. फ्रेंचांची स्वच्छता व उद्योगप्रियता त्यांनीं वाखाणली. जें आपल्या धर्मास पटलें नाहीं तेंहि स्पष्ट सांगितलें. मार्सेय बंदरांतील एका कॉफीखान्यांत शिरतांच, आंत लोकांची केवढी गर्दी आहे असें त्यांस वाटलें. मग त्या गर्दींत स्वतःचें प्रतिबिंब दिसलें, तेव्हां भिंतींवर आरसे आहेत हें त्यांच्या ध्यानांत आलें. 

या ग्रंथांची मर्यादा

लेनच्या ग्रंथावर पुढें आक्षेपहि आले. एडवर्ड सैद या विद्वानानें १९७८ सालीं अशी टीका केली कीं, लेन शेजाऱ्यांत मिसळला, पण मनानें अलिप्त राहिला, आणि ज्यांनीं त्यास विश्वासानें घरांत घेतलें त्यांस त्यानें अभ्यासाची वस्तु केलें. या आक्षेपांत तथ्य आहे. मित्र म्हणून पंक्तीस बसावें आणि मनांत टिपणें ठेवावीं, हें वर्तन सर्वस्वीं निर्दोष म्हणतां येणार नाहीं. तथापि लेन यानें घेतलेलें ऋण पुष्कळ अंशीं फेडलें, असें आम्हांस वाटतें. त्यानें आपलें उत्तरायुष्य अरबी-इंग्रजी महाकोश रचण्यांत वेंचलें. कोशाचा पहिला भाग १८६३ सालीं निघाला. १८७६ सालीं तो वारला तेव्हां काम अपुरें होतें, आणि उरलेले भाग त्याच बहिणीच्या नातवानें, स्टॅन्ली लेन-पूल यानें, १८९३ पर्यंत पूर्ण केले.

शिवाय लेनचें कैरो आज शोधूं गेल्यास सांपडणार नाहीं. शहरांतील तो कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बुजविला गेला. १९७० सालीं आस्वानचें मोठें धरण पुरें झाल्यापासून वार्षिक महापूर येत नाहीं, आणि पुकाऱ्याचें गाणें थांबलें आहे. रमजानांत नगारा वाजवीत फिरणारा मनुष्य मात्र कांहीं मोहल्ल्यांत अजूनहि दिसतो. तेव्हां जुनें पुस्तक वाचून आजच्या मनुष्याविषयीं मत बनविणें हीहि एक चूकच होय.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या शाळेंत निरनिराळ्या धर्मांचीं मुलें एका बांकावर बसतात. कैरो येथें जाण्याची तुम्हांस गरज नाहीं. तुमच्या आळींत ज्या घराचे सण तुमच्या सणांहून निराळे आहेत, त्या घरांतील एका चालीविषयीं तुम्हीं आजवर काय ऐकलें तें वहीच्या एका पानावर लिहा. मग त्या घरच्या मुलास, त्याच्या आईस किंवा आजोबांस, आदरानें त्याच चालीचें कारण विचारा, आणि तें समोरच्या पानावर लिहा. दोन पानें जुळलीं नाहींत तर पहिलें फाडूं नका. तें तुमच्या चुकीची आठवण म्हणून जपून ठेवा. आणि त्यानेंहि तुमच्या घराविषयीं कांहीं विचारलें तर रागावूं नका, नीट उत्तर द्या.

पालकांस आमची एवढीच विनंती आहे. मुलानें जेवतांना विचारलें कीं, शेजारचे लोक अमुक असें कां करतात, तर ऐकीव उत्तर देऊन त्याचें तोंड बंद करूं नये. आपणांस ठाऊक नसेल तर ठाऊक नाहीं असें सांगावें, आणि सणाचें ताट घेऊन त्यास शेजारीं पाठवावें. उत्तर घेऊन तो आपण होऊनच परत येईल.